कसबा, पेठ आणि गावाचा कारभार

जामनेर तालुक्यातल्या पहूरचे नाव घेतले की समोरचा विचारतो, "कुठलं हो, कसबे की पेठ?" वाघूरकाठचे हे गाव लोकांच्या तोंडी एक आणि कागदोपत्री दोन. ग्रामपंचायतीही दोन झाल्या. कसबा म्हणजे परिसरातले मोठे गाव, सरकारी वसुलीचे ठिकाण. पेठ म्हणजे व्यापाऱ्यांची वस्ती. कसब्यात पाटील-कुळकर्ण्यांचा शब्द चाले, पेठेत शेटे-महाजनांचा.

१८१८ साली खानदेशात इंग्रजी अंमल आला. वरचा धनी बदलला, चावडी तीच राहिली. १८३० मध्ये मेटकाफ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने इकडची गावे म्हणजे लहान लहान प्रजासत्ताके आहेत, असे लिहून ठेवले. आपल्याकडच्या पुस्तकांनी ते वाक्य फार उचलून धरले. पण प्रजासत्ताक कोणाचे? पाटीलकी जन्माने मिळे, तशी महाराची राबणूकही जन्मानेच पदरी येई. या महार वतनात बदल व्हावा म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले. अशी कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. मुलकी पाटलांची वतने १९६३ साली गेली.

खुद्द इंग्लंडातले खेडे तरी काय वेगळे होते? तिथे कारभाराचा गाव म्हणजे 'पॅरिश', एका चर्चच्या हद्दीतली वस्ती. १६०१च्या कायद्याने गोरगरिबांच्या पोटापाण्यासाठी कर बसवण्याचे काम पॅरिशकडे आले, आणि तो कारभार चर्चच्या बैठकीत जमणारी बडी मंडळी पाहत. १८९४च्या कायद्याने तिथल्या खेड्यांना निवडून दिलेली पंचायत मिळाली. तीत बायांनाही बसता येऊ लागले, पार्लमेंटसाठी त्यांना मत नव्हते तेव्हा!

आपल्याकडे १९५८च्या ग्रामपंचायत कायद्याने प्रौढ मतदानाची पंचायत आणि तिच्यासोबत ग्रामसभा आली. १९९३च्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११पासून निम्म्या.

मास्तरांनी मुलांना एवढे तरी जरूर सांगावे : सरपंच वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. ग्रामसभेत गावचा प्रत्येक मतदार सभासद असतो, आणि वर्षाचा जमाखर्च तिच्यापुढे ठेवावाच लागतो. चावडीवर पाटलाला हिशेब विचारण्याची सोय आपल्या आज्या-पणज्यांना नव्हती. सभेला शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या पंधरा टक्के, यांतली कमी असेल तेवढी माणसे लागतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला मात्र संख्येची अट नसते. मग सतरंजीवर बसलेल्या पंधरावीस जणांपुढे हिशेब वाचला जातो, आणि मंजूरही होतो.