हजारी आठ, हजारी एकसष्ट

१० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेल्या सात पोलीस शिपायांना तापामुळे रुग्णालयात दाखल करावे लागले. हा हिवताप नव्हे, एवढेच तेव्हा सांगता आले. मग गोदीतले कामगार, तारखाते, टांकसाळ, गिरण्या असे करत ताप शहरभर पसरला. तो जहाजातून आला असे महापालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर म्हणत; सरकारचे म्हणणे असे की, खलाशांनाच तो शहरातून लागला. बहुतेकांचा ताप तीन-चार दिवसांत उतरला आणि जुलैत साथ ओसरली. १८९६ पासून प्लेग सोसत आलेल्या शहराला हे दुखणे किरकोळ वाटले असल्यास नवल नाही.

सप्टेंबरात तेच दुखणे परतले, पण न्यूमोनिया सोबत घेऊन. ६ ऑक्टोबर या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसे दगावली. एरवी तापात म्हातारी माणसे आणि तान्ही मुले जातात. या वेळी वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे मोठ्या संख्येने गेली. पावसाने त्या वर्षी दगा दिला होता आणि धान्य महागले होते. साथ शहराबाहेर पडून खेड्यांत गेली. देशभरातील मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या घटली. जनगणनेच्या इतिहासात असे एकदाच घडले.

अशा वेळी ‘माझे काय होणार?’ हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो. १९१८ च्या मुंबईपुरते त्याचे उत्तर आरोग्य खात्याच्या आकड्यांत सापडते. साथीतील मृत्यूंचे हजारी प्रमाण युरोपीयांत ८.३, पारशांत ९, मुसलमानांत १९.२, सवर्ण हिंदूंत १८.९ आणि सरकारी भाषेत ज्यांना ‘खालच्या जातींचे हिंदू’ म्हटले आहे त्यांच्यात ६१.६ होते. वर्गवारी वसाहतीच्या नजरेची आहे, हे खरे. तरीही आठ आणि एकसष्ट यांतले अंतर त्यामुळे पुसले जात नाही.

हे अंतर औषधाने पडलेले नव्हते. या तापावर तेव्हा कोणाकडेच औषध नव्हते. माणसातला इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा काढता आला तो १९३३ साली, लंडनमध्ये. बंगल्यातल्या साहेबाजवळही रोगावर उतारा नव्हता. त्याच्याजवळ होती ती हवेशीर खोली, पोटभर अन्न, आठवडाभर पडून राहण्याची मुभा आणि उशाशी पाणी देणारे माणूस. चाळीतल्या एका खोलीत सगळे घर एकदम अंथरुणाला खिळले, तर पाणी कोण देणार? खाडा केला तर रोज बुडणार, म्हणून अंगात ताप असतानाही कामावर जाणे आले. बंगल्यातल्या माणसाने शांत राहणे हिशेबाने योग्यच होते, पण तो हिशेब त्याच्या घरापुरता होता. चाळीतल्या माणसाला ‘घाबरू नका’ म्हणून सांगण्याआधी त्याच्या घरी दूध पोहोचवणे भाग होते.

काहींनी ते पोहोचवले. सोशल सर्व्हिस लीग आणि इतर संस्थांचे स्वयंसेवक औषध आणि दूध घेऊन वस्त्यांमध्ये फिरले. घरात बसून राहिलेल्यांपेक्षा त्यांचा धोका साहजिकच मोठा होता. शुश्रूषेने माणूस वाचू शकतो, एवढ्या आधारावर त्यांनी तो पत्करला.

उलट बाजू पुण्याने २००९ साली पाहिली. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी तिथे घेतला आणि शहर हादरले. शाळा आणि चित्रपटगृहे बंद झाली, मास्क मिळेनासे झाले, ज्याच्या त्याच्या तोंडाला रुमाल आला. नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या. भीतीपोटी आलेली निरोगी माणसे त्या रांगेत खोकणाऱ्यांना खेटून उभी राहिली. बहुतेकांना हा आजार घरच्या घरी बरा होणारा होता. खरा धोका होता तो गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि फुप्फुसाचे जुने दुखणे असलेल्यांना. रांग लांबली की त्यांचीच वाट अडत होती.

नव्या साथीच्या सुरुवातीला मृत्यू मोजले जातात, पण घरी बरे झालेले मोजले जात नाहीत. त्यामुळे धोका आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. म्हणून पहिल्या आठवड्यातल्या आकड्यांनी घाबरून जाऊ नये. पण पहिली लाट सौम्य गेली म्हणून निर्धास्तही होऊ नये, हे १९१८ च्या जूनने दाखवले आहे. सरासरीतून स्वतःपुरता दिलासा काढण्याआधी ती कोणाकोणाची मिळून बनली आहे, हे पाहावे. १९१८ च्या मुंबईची एकच सरासरी काढली, तर हजारी एकसष्ट तिच्यात दिसेनासे होतात.