साडेअकराला मिटणारी पुस्तके : शार्लट मेसन आणि घरची शाळा

१/ १८८५-८६ चा हिवाळा. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड या लोकरगिरण्यांच्या शहरात एका अविवाहित शिक्षिकेने स्त्रियांसमोर काही व्याख्याने दिली. विषय होता नऊ वर्षांखालील मुलांचे घरातील शिक्षण. शिक्षिकेचे नाव शार्लट मेसन.

२/ सुखवस्तू इंग्रज घरांत लहान मुले तेव्हा आई किंवा गव्हर्नेसच्या हाताखाली शिकत. पण धडा कधी सुरू करावा आणि, त्याहून अवघड, कधी थांबवावा? अनुदानित शाळांकडे पाहून हे कळण्याजोगे नव्हते. १८६२ च्या नियमांनी तेथील अनुदान हजेरीशी आणि वाचन, लेखन, गणिताच्या परीक्षेशी बांधले होते. त्यातून फोफावली ती घोकंपट्टी.

३/ मेसन यांचे म्हणणे असे : सहा वर्षांपर्यंत रीतसर धडे नकोतच, मूल शक्य तितके मोकळ्या हवेत असावे. पुढे धडे असावेत, पण सकाळीच; आणि आठ वर्षांखालील मुलांसाठी धडा वीस मिनिटांहून क्वचितच मोठा असावा.

४/ यामागे लाड नव्हते, शिस्तच होती. एकाग्रता ही सवय आहे आणि लांबलेला धडा ती मोडतो, असे त्यांचे मत. रेंगाळत भरलेल्या पाटीपेक्षा मन लावून काढलेल्या सहा रेघा बऱ्या. मन भरकटू लागले की ते काम बाजूला ठेवून अगदी वेगळ्या जातीचे काम द्यावे : आकडेमोडीनंतर वाचन, वाचनानंतर हस्तकाम. उतारा वाचून दाखवायचा तो एकदाच. मग मुलाने तो आपल्या शब्दांत सांगायचा. पुन्हा वाचला जाणार नाही हे ठाऊक असलेले मूल कान देऊन ऐकते.

५/ १८८६ मध्ये ही व्याख्याने ग्रंथरूपाने आली, १८८७ मध्ये पालकांची संघटना उभी राहिली आणि १८९१ पासून टपालाने चालणारी शाळा. दर सत्राला पुस्तकांची यादी, वेळापत्रक आणि अखेरीस प्रश्नपत्रिका घरपोच येई. सर्वांत लहान वर्गाची वेळ नऊ ते साडेअकरा, मध्ये कवायत आणि खेळ. साम्राज्याच्या दूरच्या वसाहतींतील इंग्रज घरांतही ही पाकिटे पोहोचत.

६/ अर्थात हा साधेपणा स्वस्त नव्हता. दुपारभर मुलांसह माळरानात हिंडणाऱ्या आईच्या घरी चूल आणि धुणी दुसरेच कोणी सांभाळीत असे. १८९२ मध्ये मेसन यांनी अँबलसाइडला गव्हर्नेस घडविणारी संस्था काढली, यावरूनही त्यांचा श्रोतृवर्ग ओळखता येतो.

७/ पुढे पद्धत त्या घरांबाहेर पडली. १९१४ मध्ये यॉर्कशायरमधील ड्रिग्लिंग्टन या खाणकामगारांच्या गावातील शाळेने ती स्वीकारली. या मुलांच्या घरी गव्हर्नेस नव्हत्या. उतारा मात्र तेथेही एकदाच वाचला जाई.