टॅक्सीतला उंचवटा आणि दान्ते जाकोसा

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत मागच्या सीटवर मधोमध बसण्याची पाळी ज्यांच्यावर आली असेल, त्यांना पायांमधला तो उंचवटा नक्की आठवत असेल. आम्ही घरात सर्वांत धाकटे, त्यामुळे ती जागा आमचीच! हा उंचवटा कशासाठी? इंजिन पुढे, पण ते फिरवणार मागची चाके. ही शक्ती मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट गाडीच्या पोटाखालून जातो आणि त्याला वाट देण्यासाठी तळ मधे वर उचलावा लागतो.

पद्मिनी म्हणजे मूळची इटलीतील फियाट ११००. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ती परवान्याखाली बनत असे. तिच्या मूळ आराखड्यामागचे अभियंता होते दान्ते जाकोसा.

जाकोसा यांचा जन्म १९०५ सालचा, रोममधला. तुरिनच्या तंत्रविद्यापीठातून १९२७ साली ते अभियंता झाले आणि थोड्याच काळात फियाटमध्ये आले. तेथे मध्यमवर्गाला परवडेल अशी छोटी गाडी करण्याची खटपट चालू होती. १९३१ च्या सुमारास ओरेस्ते लार्दोने या अभियंत्याने पुढच्या चाकांना शक्ती देणारी एक नमुना गाडी केली. तिच्या चाचणीच्या वेळी कंपनीचे संस्थापक आन्येल्ली स्वतः गाडीत बसले होते. वाटेत गाडीने पेट घेतला आणि सर्वांना उड्या मारून बाहेर पडावे लागले. आन्येल्लींनी निष्कर्ष काढला: पुढच्या चाकांची गाडी नकोच! लार्दोने यांची नोकरी गेली.

आता पाहा, आगीचा आणि कोणती चाके फिरतात याचा काय संबंध? एकच प्रयोग, त्यात दोन गोष्टी बरोबर घडल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरली. आपल्या वर्गातल्या मुलाने असे उत्तर लिहिले तर आपण गुण कापू. येथे मात्र मालकाचा शब्द. आन्येल्ली १९४५ मध्ये वारले, तरी त्या निष्कर्षाचा धाक पुढे कितीतरी वर्षे टिकला.

जाकोसा यांनी मग आहे त्या चौकटीत करामती केल्या. १९३६ च्या ‘तोपोलिनो’त, म्हणजे ‘उंदरा’त, ५६९ घनसेंमीचे इंजिन पुढच्या आसाच्याही पुढे आणि रेडिएटर त्याच्या मागे, उंचावर. तापलेले पाणी आपोआप वर चढते, थंड झालेले खाली येते. पंपाची गरज नाही. पेट्रोलची टाकीही उंचावर, म्हणजे पेट्रोल स्वतःच्या वजनानेच उतरणार. अभिसरण शिकवताना याहून चांगले उदाहरण आम्हांला तरी ठाऊक नाही. पुढे १९५५ च्या ‘६००’ मध्ये आणि १९५७ च्या नव्या ‘५००’ मध्ये त्यांनी इंजिनच मागे नेले. शाफ्ट गेला, उंचवटा गेला. पण वजन शेपटीकडे आले आणि सामानाची जागा आकसली.

१९५९ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस यांची ‘मिनी’ आली. पुढचीच चाके फिरणारी आणि इंजिन आडवे ठेवलेले. रुंदीत जागा पुरावी म्हणून गिअरबॉक्स त्यांनी इंजिनाच्या खाली बसवला. दोघांना तेल एकच. जाकोसा यांना हे पटले नाही. त्यांनी गिअरबॉक्स इंजिनाच्या एका टोकाला, त्याच रेषेत लावला. तेल वेगळे, दुरुस्ती सोपी. मात्र शक्ती बाहेर पडण्याची जागा मध्यावरून बाजूला सरकली, त्यामुळे एका चाकाकडे जाणारा दांडा आखूड आणि दुसरा लांब झाला.

यात एक मेख आहे. तेवढ्याच बलाने लांब दांडा जास्त पिळला जातो आणि दोन्ही दांड्यांचे कोनही वेगळे पडतात. वेग वाढवताना गाडी एका बाजूला ओढू शकते. निदान पिळाचा उपाय गणितात आहे. पीळ लांबीच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात कमी होतो. म्हणजे भरीव दांडा दुप्पट लांब असला, तर जाडी सुमारे १९ टक्के वाढवली की पुरे. वर्गात रबरी नळीचे एक लांब व एक आखूड तुकडा घेऊन पहिला भाग सहज दाखवता येईल.

तरीही फियाट आपले नाव पणाला लावायला तयार नव्हती. ही मांडणी १९६४ मध्ये आली ती ऑटोबिआंकी या संलग्न कंपनीच्या ‘प्रिम्युला’ गाडीत. फसली असती तर बदनामी दुसऱ्याची! ती फसली नाही. १९६९ मध्ये ‘फियाट १२८’ आली आणि पुढच्या वर्षी युरोपातील सर्वोत्तम गाडी ठरली. लार्दोने यांच्या गाडीला आग लागून तोवर जवळजवळ चाळीस वर्षे झाली होती. जाकोसा १९७० साली निवृत्त झाले.

आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० चे बॉनेट उघडले, तर आडवे इंजिन आणि त्याच्या टोकाला गिअरबॉक्स, हीच रचना दिसे. जगातल्या बहुतेक लहान पेट्रोल गाड्यांत आजही ती आहे. जाकोसा ३१ मार्च १९९६ रोजी तुरिनमध्ये वारले, तेव्हा पद्मिनीचे उत्पादन चालूच होते. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, उंचवट्यासकट.