आठ हजारांचे नऊ हजार

‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या प्रसंगी ‘धरावे’चे ‘मारावे’ कोणी केले, किंबहुना कोणी केलेच काय, याविषयी इतिहाससंशोधक साशंक आहेत. वाक्प्रचार मात्र त्यांच्या निर्णयासाठी थांबला नाही. त्याचे स्मरण होण्याचे कारण असे, की एका खलपात्राच्या उद्गारातील असाच एक पालट अलीकडे जगभर रूढ झाला असून, आमच्या नववीच्या वर्गातही तो मी ऐकला आहे.

अकिरा तोरियामा (१९५५–२०२४) यांची ‘ड्रॅगन बॉल’ ही चित्रकथा १९८४ ते १९९५ या काळात एका जपानी साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या उत्तरभागावर रचलेली ‘ड्रॅगन बॉल झेड’ ही कार्टून मालिका १९८९ साली जपानात सुरू झाली. तीत व्हेजिटा नावाचा गर्विष्ठ राजपुत्र पृथ्वीचा विध्वंस करावयास येतो. प्रतिपक्षाचे बळ आकड्यांत दाखविणारे एक यंत्र तो डोळ्यावर बाळगून असतो. मित्रांच्या वधाने संतप्त झालेला नायक गोकू समोर उभा राहतो. व्हेजिटाचा साथीदार नापा बळाचा आकडा विचारतो. आणि व्हेजिटा ते यंत्र मुठीत चुरडून ओरडतो. मूळ जपानीत तो म्हणतो, ‘आठ हजारांहून अधिक!’ १९९७ साली अमेरिकेत इंग्रजी रूपांतर दाखविले गेले, तेव्हा त्या आठाचे नऊ झाले होते.

मौज अशी, की व्हेजिटाचे स्वतःचे बळ त्या वेळी सुमारे १८,००० होते, हे कथेत पुढे कळते. म्हणजे चुकीचा आकडा धरला तरी शत्रू त्याच्या निम्म्यानेच! आरोळी प्रसंगाहून मोठी आहे, आणि माझ्या मते तिच्या हास्यास्पदतेचे बीज येथेच आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये या आरोळीची एक छोटी चित्रफीत यूट्यूबवर आली. पुढे कोणी ‘किती?’ असे विचारले, की ‘नऊ हजारांहून अधिक’ हे उत्तर ठरून गेले.

या थट्टेला एक वाईट वळणही लागले. सप्टेंबर २००८ मध्ये ओप्रा विन्फ्री यांनी बालकांवरील अत्याचारांच्या विरोधात बोलताना, कोणा अनामिकाने खोडसाळपणे लिहिलेला मजकूर गुन्हेगारांच्या टोळीचा समजून आपल्या कार्यक्रमात गंभीरपणे वाचून दाखविला. त्यातही हाच आकडा होता. जाणत्यांस हसू आले. विषय काय चालला होता, याचे भान कितीकांस राहिले असेल? संदर्भ सुटलेले वाक्य कोठेही चिकटते ते असे.

रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली ‘द सेल्फिश जीन’ या ग्रंथात अनुकरणाने पसरणाऱ्या सांस्कृतिक घटकास ‘मीम’ हे नाव दिले, आणि टिकाव धरण्यास नक्कल बिनचूक असावी लागते, असेही सांगितले. येथे नक्कल बिनचूकच झाली, पण ती चुकलेल्या पाठाची. अशा वेळी मूळ पाठ दाखविणे हे शिक्षकाचे काम मी समजतो. पाठांतराच्या तासाला एका मुलाने किती ओळी म्हणू शकतो, म्हणून विचारताच इंग्रजीत तेच उत्तर दिले, तेव्हा मी त्यास मूळ आकडा सांगितला.

‘पण सर,’ तो म्हणाला, ‘आठ हजार म्हटले तर कोणाला कळणार?’