कानानं वाचलेली तार



पुण्याच्या महात्मा फुले मंडईत माल घेऊन गेलो, की आम्ही एक गंमत करतो. त्या अष्टकोनी मनोऱ्याखाली घटकाभर डोळे मिटून उभं राहायचं. मेथी कुठं, लिंबं कुठं, कुणाला माल संपवायची घाई झालीय, सगळं कळतं. शब्द धड ऐकू येत नाहीत, नुसती चाल ओळखू येते. जुने तारमास्तर तार अशीच ऐकायचे.

ही मंडई 1886 सालची, तेव्हाचं नाव रे मार्केट. त्याच्या एकतीस वर्षं आधी, 1855 मध्ये, आपल्या देशात तार सगळ्यांसाठी खुली झाली होती. अमेरिकेत 1844 साली मोर्सनं तार पाठवली, तेव्हा यंत्र कागदाच्या पट्टीवर टिंबं आणि रेघा उमटवायचं. माणूस ती डोळ्यांनी वाचायचा. पण यंत्राशेजारी रोज बसणाऱ्यांच्या ध्यानात आलं, की पट्टी बघायच्या आधीच मजकूर कळतोय! कुणी शिकवलं नव्हतं, खटखट कानात बसली होती. साहेबांना आधी हे पटेना, त्यांना कागद हवा होता. शेवटी पट्टी गेली आणि नुसतं खटखटणारं यंत्र राहिलं.

त्यात दांडी खाली आली की एक टोला, वर गेली की दुसरा. दोन टोल्यांमध्ये थोडा वेळ गेला तर टिंब, त्याच्या तिप्पट गेला तर रेघ. म्हणजे ऐकायचं ते टोल्यांच्या मधलं थांबणं.

टिंबं मोजत बसणारा इथं हमखास अडकतो. चौथं मोजेपर्यंत पुढचं अक्षर निघून जातं. म्हणून शिकवताना अक्षर आख्खं, वेगातच ऐकवायचं, फक्त दोन अक्षरांमधली जागा जास्त ठेवायची आणि ती हळूहळू कमी करायची. जात्यावरची ओवी आपल्या आज्या अक्षरं मोजून थोड्याच शिकल्या?

कान त्यांचेही तयार होते. पण तारेचं काम इंग्रजीतून चाले, देवनागरी तारा आल्या त्या स्वातंत्र्यानंतर. मुंबईच्या कापूस व्यापाऱ्याला दूरचा भाव तारेनं कळायचा. डोक्यावर पाटी घेऊन आलेल्या बाईला भाव कळायचा तो बाजारात पोचल्यावर. आणि घरी तार आली, तर उघडायच्या आधीच रडारड. वाचून दाखवणारा सापडेपर्यंत तो कागद हातात धरून बसायचं. आपल्याच माणसाची बातमी, पण आधी तारमास्तरला ठाऊक, मग वाचणाऱ्याला, आणि सगळ्यांत शेवटी आपल्याला.

आनंदाच्या तारांना मात्र आकडे होते. पाठवणाऱ्यानं आकडा लिहायचा, पोचवणाऱ्या कचेरीत त्याचं पूर्ण वाक्य व्हायचं. लग्नाच्या शुभेच्छांचा आकडा 8. सरकारी तारसेवा 2013 च्या जुलैत बंद झाली, पण हा आकडा अजून पुष्कळांच्या लक्षात आहे. तीन रेघा, दोन टिंबं. पुढच्या बैठकीत तोंडानं म्हणून बघा, न मोजता: डाऽ डाऽ डाऽ डि डिट.