वैद्यकीय खर्चाची आयकर वजावट

वैद्यकीय खर्चाची आयकर वजावट म्हणजे आजारपण, उपचार अथवा आरोग्य विम्यावर केलेला खर्च विशिष्ट मर्यादेपर्यंत करपात्र उत्पन्नातून वगळण्याची भारतीय आयकर कायद्यातील तरतूद होय. वजावट उत्पन्नातून होते, करातून नव्हे. त्यामुळे पन्नास हजारांची वजावट म्हणजे पन्नास हजारांची बचत, हा समज चुकीचा आहे.

आयकर अधिनियम, १९६१ मध्ये या तरतुदी प्रामुख्याने कलम ८०डी आणि ८०डीडीबी यांत होत्या. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या आयकर अधिनियम, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

आरोग्य विमा व ज्येष्ठ नागरिकांचा खर्च

कलम ८०डी नुसार स्वतः, पती अथवा पत्नी आणि अवलंबित मुले यांच्या विमा हप्त्यासाठी २५,००० रुपये व आईवडिलांच्या हप्त्यासाठी आणखी २५,००० रुपये वजावट मिळते. विमाधारक ६० वर्षांचा किंवा त्याहून मोठा असल्यास संबंधित मर्यादा ५०,००० रुपये होते. प्रतिबंधात्मक तपासणीचे ५,००० रुपये याच मर्यादेत मोडतात आणि तेवढेच रोख दिलेले चालतात.

विमा नसलेल्या ज्येष्ठांचा प्रत्यक्ष औषधोपचाराचा खर्चही ५०,००० रुपयांपर्यंत ग्राह्य धरला जातो. मात्र तो धनादेश, कार्ड किंवा यूपीआयने केलेला असावा. औषधाच्या दुकानात रोख मोजून घेतलेली पावती येथे निरुपयोगी ठरते, आणि ग्रामीण भागात बहुतेकांचा दावा नेमका येथेच अडतो.

विनिर्दिष्ट आजार

कलम ८०डीडीबी ठराविक गंभीर आजारांसाठी आहे. वजावटीची मर्यादा ४०,००० रुपये असून ज्येष्ठ रुग्णासाठी ती १,००,००० रुपये आहे. विमा कंपनीकडून किंवा नियोक्त्याकडून मिळालेली रक्कम त्यातून वजा होते. तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक असते. शासकीय रुग्णालयात सामान्य वैद्यकशास्त्रातील पदव्युत्तर पदवी असलेल्या पूर्णवेळ तज्ज्ञाची चिठ्ठीही चालते.

आयकर नियम, १९६२ मधील नियम ११डीडी च्या यादीत कर्करोग, पूर्ण विकसित एड्स, मूत्रपिंडाची जुनाट निकामी अवस्था, काही मज्जाविकार (अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्यास), हिमोफिलिया आणि थॅलेसेमिया यांचा समावेश आहे. सिकलसेल त्यात नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या परिशिष्टात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे तिन्ही आजार एकत्र नोंदले आहेत. आयकर नियमाने त्यांपैकी पहिले दोनच घेतले. परिणामी वारंवार रक्त द्यावे लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलाचे पालक ही वजावट मागू शकत होते, सिकलसेलच्या मुलाचे मात्र नाही. या भेदाला वैद्यकीय आधार दिसत नाही.

जुनी व नवी करप्रणाली

या वजावटी केवळ जुन्या करप्रणालीत मिळतात. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्याला जुनी हवी असल्यास तिची निवड मुदतीत भरलेल्या विवरणपत्रातच करावी लागते.

समजा, तुमसरच्या ६३ वर्षांच्या निवृत्त शिक्षकाचे २०२५-२६ मधील निवृत्तिवेतन ७ लाख रुपये आहे, विमा नाही आणि नागपूरला शस्त्रक्रियेवर ६२,००० रुपये यूपीआयने खर्च झाले. जुन्या प्रणालीत ५०,००० रुपयांची प्रमाणित वजावट आणि वैद्यकीय खर्चाचे ५०,००० रुपये वगळता ६ लाखांवर, अन्य वजावट नसल्यास, उपकरासह ३१,२०० रुपये कर येतो. नव्या प्रणालीत शस्त्रक्रियेची पावती न दाखवताही कर शून्य आहे, कारण १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण करपात्र उत्पन्नावर पूर्ण सूट मिळते. अशा करदात्याने खर्चाचा दावा करण्याच्या आग्रहापायी जुनी प्रणाली निवडणे तोट्याचे ठरते.

भंडारा जिल्ह्यातील व्याप्ती

जिल्हा मुख्यतः भातशेतीचा आहे. शेतीचे उत्पन्न केंद्रीय आयकरातून मुक्त असल्याने केवळ शेतीवर जगणाऱ्या कुटुंबाला, रुग्णालयाचा खर्च कितीही झाला तरी, या तरतुदींचा लाभ नसतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील मोफत उपचारांवर वजावट मागता येत नाही. प्रत्यक्षात शिक्षक, शासकीय कर्मचारी, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतील कामगार, व्यापारी आणि निवृत्तिवेतनधारक यांच्यापुरताच हा विषय राहतो.