चीक कुणी सांडवला?

म्हैस व्याली की चीक शेजारीपाजारी वाटतात. खरवस करून बोटं चाटत खातात. आणि बाई बाळंत झाली की तिच्या छातीत पहिल्या दोन-तीन दिवसांत उतरणारा तसलाच पिवळसर, घट्ट चीक पिळून टाकतात! नऊ महिने साठलेलं शिळं दूध, पोराला बाधतं, असं म्हातारी सांगते. तिला तिच्या सासूनं तेच सांगितलेलं. मग पोराच्या तोंडी काय? गुळाचं पाणी, मधाचं बोट, नाहीतर शेळीचं दूध. रोगाशी झुंजायचं बळ आणि अ जीवनसत्त्व ज्यात ठासून भरलंय, ते मातीत जातं.

आपले काही कार्यकर्ते मित्र याला वस्तीचा अडाणीपणा म्हणून मोकळे होतात. मित्रांनो, हा अडाणीपणा संस्कृतात लिहिलेला आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानाचा दहावा अध्याय काढून बघा. बाळंतिणीला दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं, म्हणून पहिल्या दिवशी मध-तूप, पुढचे दोन दिवस औषधी तूप, असा तिथला बेत. बघणाऱ्यानं चुकीचं बघितलं नव्हतं. भरपूर दूध तेव्हाच येतं. पण त्याआधी थेंबाथेंबानं येणाऱ्या चिकाला या बेतात जागाच नाही. चरकसंहिता वेगळं सांगते: मंत्रून मध-तूप चाटवा आणि मग लगेच आईचा उजवा स्तन द्या. पुस्तकातलं गावात आलं की गावातलं पुस्तकात गेलं, हा वाद पंडितांनी घालावा. गावात टिकला तो पोराला उपाशी ठेवणारा नेम.

एका गोष्टीवर मात्र दोन्ही संहितांचं एकमत. पाजायला दाई ठेवायची तर ती आपल्याच वर्णाची! दुधालासुद्धा वर्ण लागला. आणि बाळंतपण कोण करत होतं? महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत सुईण मांगवाड्यातली. अडलेली बाई मोकळी करायची तिनं, नाळ कापायची तिनं, वार पुरायची तिनं. घर शुद्ध झालं की तीच उंबऱ्याबाहेर. खुद्द बाळंतीणही दहा दिवस विटाळात, कोपऱ्यातल्या बाजेवर. ज्या देहाला शिवायचं नाही त्या देहातून आलेलं पहिलं दूध नासकं ठरणारच. माझ्या मते चीक सांडण्याचं एक मूळ या विटाळातच आहे.

गिरणीतल्या बाईपुढं आणखी वेगळं संकट होतं. पोर खोलीवर, आई साच्यावर. मुंबईच्या चाळींत पोराला अफूची गोळी चाटवून बाया कामावर जायच्या. पोर गुंगीत पडून राहायचं, इकडे छातीतलं दूध आटायचं. १९२८ च्या जुलैत मुंबईच्या विधिमंडळात बाळंतिणींच्या भत्त्याचं बिल आलं तेव्हा बाबासाहेब सभागृहात होते. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं त्यांनी ठणकावलं. खर्चाचा मोठा भार सरकारनं घ्यावा, पण बाईच्या श्रमावर नफा काढणारा मालकही सुटता कामा नये, ही त्यांची मांडणी. १९२९ साली कायदा झाला. १९४८ च्या कारखाना कायद्यानं पन्नासच्या वर बाया असतील तिथं पाळणाघर सक्तीचं केलं, १९७६ साली तो आकडा तीसवर आला. १९६१ च्या कायद्यानं पोर पंधरा महिन्यांचं होईस्तोवर कामाच्या वेळात रोज दोनदा पाजायची सवड दिली, २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली. उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या बाईनं यातलं काय बघितलं?

आता बाळंतपणं दवाखान्यात होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात शंभरातली ८९ च्या आसपास दवाखान्यातली निघाली. पण जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली पोरं शंभरात जेमतेम ४२! सुईण गेली, पांढरा कोट आला, तरी निम्म्याहून जास्त पोरांचा पहिला तास तसाच गेला. डबाबंद दुधाच्या जाहिरातींवर १९९२ च्या कायद्यानं बंदी आणली. मधाच्या बोटावर कोणता कायदा आणणार? टाके घातलेली बाई एका खोलीत, पोर दुसऱ्या खोलीत. नर्सबाई म्हणते पाज, सासू म्हणते थांब, आणि दोघी बोलतात त्या बाळंतिणीच्या डोक्यावरून.